शोध लागणे आणि शोध घेणे

मराठीत शास्त्रीय वाङ्मय अल्प आहे, ही तक्रार आता पुष्कळच जुनी झाली आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. तथापि ती आज जशीच्या तशी उच्चारणे अन्यायाचे होईल. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली निघाले. दाते-कर्वे यांचा ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ १९४८ साली सिद्ध झाला. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, आणि विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती आला. शब्द नाहीत, नियतकालिक नाही, संस्था नाही, संदर्भग्रंथ नाही, अशी सबब सांगण्याचे दिवस मागे पडले आहेत. असे असूनही एक उणीव राहिली आहे. ती ग्रंथांच्या संख्येची नसून गद्याच्या जातीची आहे, आणि तिचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या भाषेत ‘शोध’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. शोध ‘लागतो’ आणि शोध ‘घेतात’. एकाच नामाला दोन क्रियापदे जोडली की दोन निराळ्या गोष्टी उभ्या राहतात. शोध लागणे ही घटना आहे; ती एका दिवशी घडते, तिला नाव मिळते, सत्कार मिळतो. शोध घेणे ही वृत्ती आहे. ती वर्षानुवर्षे चालते, तिच्यात मोजमाप येते, चुकणे येते, पुन्हा मोजणे येते, आणि पुष्कळदा तिच्या अखेरीस काहीही लागत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, आमच्या शास्त्रीय गद्याने लागलेल्या शोधांची वार्ता उत्साहाने दिली, परंतु घेतलेल्या शोधाचे चित्र क्वचितच रेखाटले. वैद्यक असो, स्थापत्य असो किंवा ज्याला आज पर्यावरणशास्त्र म्हणतात ते असो, तिन्ही क्षेत्रांत मराठी माणसांनी उत्तम संशोधन केले. त्या संशोधनाविषयी मराठीत जे लिहिले गेले त्याचा बराचसा भाग मात्र गौरवपर आहे.

गौरवपर लेखन वाईट, असे आम्ही म्हणत नाही. परंतु संशोधनाविषयीचे गद्य कोणत्या कसोटीवर घासून पाहावे, हे एकदा ठरवले पाहिजे. आमच्या मते अशा गद्यात तीन वाक्ये सापडली पाहिजेत. कशाशी ताडून पाहिले, हे सांगणारे पहिले. कसे मोजले, हे सांगणारे दुसरे. आणि शंका कोठे उरली, हे सांगणारे तिसरे. ही तीन वाक्ये नसतील तर वाचकापुढे निष्कर्ष येतो, पण तो मानावा का, हे ठरवण्याचे साधन त्याच्या हाती येत नाही. मग तो निष्कर्ष त्याच्यापुरता आप्तवाक्यच होऊन बसतो. आप्तवाक्यावर विश्वास ठेवण्याची सवय मोडणे हे शास्त्राचे मुख्य कार्य; ते कार्य शास्त्रावरील गद्यानेच उलटवावे, यासारखा विपर्यास नाही.

ही तीन वाक्ये मराठीला परकी नाहीत. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. दीक्षित पेशाने शिक्षक होते, आणि अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, १८९८ साली ते निवर्तले. त्यांच्या ग्रंथातील एकच विवेचन उदाहरणादाखल घेऊ. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, अशा अर्थाचा उल्लेख शतपथ ब्राह्मणात आहे. दीक्षित तेथे केवळ विस्मय करीत थांबत नाहीत. ठीक पूर्वेस उगवणारा तारा विषुववृत्तावर असला पाहिजे. अयनचलनाची गती ज्ञात आहे. तेव्हा कृत्तिका विषुववृत्तावर केव्हा होत्या हे गणिताने काढता येते. आणि तो काळ सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा येतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. या अनुमानावर पुढे विद्वानांनी पुष्कळ वाद घातला, आणि ते वचन प्रत्यक्ष वेधाचे मानावे की नाही, असेही विचारले. परंतु वाद घालता आला तो कशामुळे? दीक्षितांनी सगळ्या पायऱ्या उघड्या ठेवल्या होत्या म्हणून. खंडन करण्याची सोय वाचकाला करून देणारे गद्य हेच खरे संशोधनाचे गद्य होय.

उज्जयिनीकरांनी या ग्रंथाविषयी आणखी एक गोष्ट अभिमानाने स्मरणात ठेवावी. भारत सरकारने १९५२ साली प्रा. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. तिच्या मोजक्या सभासदांत नागपूरचे के. ल. दप्तरी, पुण्याचे ज. स. करंदीकर आणि येथील माधव महाविद्यालयाचे प्राध्यापक र. वि. वैद्य अशी तीन मराठी नावे होती. याच वैद्यांनी दीक्षितांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. त्याचा पहिला भाग १९६९ साली व दुसरा १९८१ साली निघाला. मूळ संशोधन मराठीत आणि जगाला कळावे म्हणून त्याचे भाषांतर इंग्रजीत, असा हा क्रम आहे. आज हा क्रम संपूर्ण उलटला आहे, आणि उलटलेल्या क्रमातील दुसरा टप्पा, म्हणजे मराठीत परत येण्याचा टप्पा, बहुधा घडतच नाही.

येथील वेधशाळेचेच पाहा. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बांधली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला, आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या व्यासंगी ज्योतिर्विदाने तिचे काम पाहिले. दरवर्षी २१ जूनला मध्यान्ही तेथे शंकूची छाया नाहीशी झालेली पाहावयास गर्दी लोटते, आणि कर्कवृत्त उज्जयिनीवरून जाते म्हणून छाया लोपते, असे वर्णन दुसऱ्या दिवशी आपण वाचतो. वर्णन रम्य आहे. आता ते मोजून पाहू. कर्कवृत्त आज सुमारे २३ अंश २६ कलांवर आहे, आणि वेधशाळेचे अक्षांश २३ अंश ११ कलांच्या आसपास आहेत. म्हणजे कर्कवृत्त नगराच्या उत्तरेस, महिदपूर तहसिलीतील डोंगला गावाजवळून जाते. २१ जूनला सूर्य आमच्या माथ्यावर नसून माथ्याच्या उत्तरेस पाव अंश असतो, आणि एक मीटर उंचीच्या शंकूची छाया दक्षिणेकडे चार-साडेचार मिलिमीटर पडावयास हवी. मग ती दिसत का नाही? सूर्य हा बिंदू नव्हे. त्याच्या बिंबाची त्रिज्या जवळजवळ १६ कला, म्हणजे तीही पाव अंशच आहे. खस्वस्तिक बिंबाच्या काठालाच टेकलेले असल्यामुळे छायेची कड विरळ होऊन डोळ्यांस हरवते. सूर्याचा मध्य बरोबर माथ्यावर येतो तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, आणि पुन्हा महिनाअखेर.

आता वाचकांनीच सांगावे, या दोन वर्णनांत अधिक रम्य कोणते? पहिल्यात चमत्कार आहे आणि तो एका वाक्यात संपतो. दुसऱ्यात चमत्कार कमी होत नाही, उलट वाढतो. कारण पाव अंशाचा फरक आणि सूर्यबिंबाची त्रिज्या यांचा योग कळल्यावर पाहणाऱ्याला पुढच्या वर्षी स्वतः मोजण्याची इच्छा होते. शिवाय क्रांतिवृत्ताचा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी घटत असल्याने कर्कवृत्त उज्जयिनीपासून दूर जात नसून हळूहळू तिच्याकडे येत आहे, हे ऐकून कोणता विद्यार्थी चकित होणार नाही? शास्त्रीय गद्य नीरस असते, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. आमचा अनुभव असा की, नीरस असते ते निष्कर्षांची यादी देणारे गद्य; निष्कर्षापर्यंतची वाट दाखवणारे गद्य नीरस नसते.

ज्योतिषातील ही परंपरा जुनी असल्याने तेथे कसोटी लावणे सोपे गेले. माणसाच्या जिवाशी, घराशी आणि पाण्याशी ज्यांचा साक्षात संबंध आहे, त्या क्षेत्रांकडे वळल्यावर तीच कसोटी अधिक निकडीची होते.

प्रथम वैद्यक घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतील कार्य महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? त्यांच्या वसतिस्थानाचे नावच ‘शोधग्राम’ आहे. नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी त्यांनी खेड्यांतील स्त्रियांना शिकवून तयार केले. या स्त्रिया घरोघर जात, बालकाचे वजन करीत, श्वास मोजीत, जंतुदोषाची लक्षणे ओळखीत आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती, ती संख्या १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आली. हे संशोधन १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ६२ वरून २५, ही वार्ता मराठीत असंख्य वेळा छापून आली आहे.

परंतु या कथेतील सर्वांत महत्त्वाचे वाक्य निराळेच आहे, आणि ते आमच्या गौरवलेखांतून बहुधा गळते. ते वाक्य असे की, ज्या ३९ गावांत ही सेवा दिली त्यांच्याबरोबरच, जेथे ती दिली नव्हती अशा ४७ गावांतही जन्म-मृत्यूंची तितकीच काटेकोर नोंद ठेवली होती. आणि तेथील प्रमाण ६० च्या आसपासच राहिले. हे वाक्य गाळले तर काय उरते? बालमृत्यू घटले, एवढेच. ते रस्ता झाल्याने घटले, पाऊसपाणी बरे झाल्याने घटले, की काळाच्या ओघात सर्वत्रच घटत होते, हे कसे कळावे? सत्तेचाळीस गावांच्या या शांत नोंदीमुळेच एकोणचाळीस गावांतील यशाला अर्थ आला. गौरव करणाऱ्याने नेमके तेच वगळावे, याचे कारण उघड आहे. तुलनेच्या गावांत नायक नाही आणि प्रसंगही नाही, म्हणून ललित लेखणीला तेथे थांबावेसे वाटत नाही. संशोधनाचे गद्य लिहिणाऱ्याने मात्र तेथेच अधिक वेळ थांबले पाहिजे.

याच संशोधकांनी बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी केलेल्या एका साधनाचा उल्लेख येथे अप्रस्तुत होणार नाही. ज्या सुईणींना मोठी संख्या मोजता येत नव्हती, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी अशी योजना होती. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू सरण्यापूर्वी तांबडा मणी सरकवण्याची वेळ आली तर धोका समजावयाचा. निरक्षर स्त्रीला मोजता येणार नाही हे गृहीतच येथे बाद झाले. भाषेचे कामही असेच आहे. वाचकाला गणित समजणार नाही असे मानून त्याला निव्वळ कथा देणे, आणि त्याच्या हाती मणी देणे, या दोहोंतील फरक आमच्या लेखकांनी ओळखावा.

दुसरे उदाहरण महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे मरत. विषामुळे शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब भडकतो आणि अखेर फुप्फुसांत पाणी भरते, हे त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून टिपले. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे औषध वेळीच दिले तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मधून मांडले. येथवरची कथा मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे, आणि त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथनही पुष्कळांनी वाचले आहे. परंतु आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते नंतरचे प्रकरण. ज्या औषधाने त्यांना कीर्ती दिली, त्यालाच त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी पुन्हा तराजूत घातले. ७० रुग्णांचे दोन सारखे गट केले. एका गटास केवळ प्राझोसिन, दुसऱ्यास प्राझोसिन व प्रतिविष दोन्ही दिली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ३५ पैकी ८, आणि दुसऱ्यात ३५ पैकी ३२. हा निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली आला. स्वतःचा शोध अपुरा ठरू शकेल अशी परीक्षा स्वतःच घेणे, ही संशोधकाची शील-कथा आहे. विंचवाशी झुंज देणाऱ्या डॉक्टरची वीरकथा आम्ही सांगतो; ही शील-कथा मात्र सांगत नाही. वर्गात कोणती सांगण्याजोगी आहे, याचा निर्णय शिक्षकांनी करावा.

स्थापत्यशास्त्रात आमची भाषा आणखी एका ठिकाणी अडखळते, आणि ते ठिकाण क्रियापदांचे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याची तीव्रता सहाहून अधिक होती, आणि त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत त्या पहाटे कोसळली. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर लहान धक्के जाणवू लागले होते. तेव्हापासून आजपर्यंत मराठीत दोनच वाक्ये ऐकू येतात. एक, धरणामुळे भूकंप झाला. दुसरे, धरणाचा भूकंपाशी संबंध नाही. पहिल्यात संताप आहे, दुसऱ्यात सारवासारव आहे. संशोधकांचे म्हणणे या दोहोंहून निराळे आहे. खडकात भूगर्भीय शक्तींनी ताण आधीच साठलेला असतो. जलाशयाचे ओझे आणि फटींतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाब त्या ताणाला वाट करून देतात. धरण ताण निर्माण करीत नाही. साठलेल्या ताणाला ते चालना देते. ‘घडवणे’ आणि ‘चालना देणे’ यांतील हे अंतर केवळ व्याकरणाचे नाही. धरणानेच भूकंप घडवला असे मानले तर प्रत्येक धरणाखाली भूकंप व्हावयास हवा, आणि तसे होत नाही. धरणाचा संबंधच नाही असे मानले तर आफ्रिकेतील करिबा येथे १९६३ साली आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ साली जलाशय भरल्यानंतर जे मोठे भूकंप झाले, त्यांचा उलगडा होत नाही.

कोयनेच्या धरणाचा आराखडा करताना भूकंपापोटी गुरुत्वप्रवेगाचा केवळ विसावा हिस्सा हिशेबात धरला होता. धरणातील यंत्राने त्या पहाटे टिपलेला प्रवेग त्याच्या सुमारे दसपट होता. उंच खंडांना तडे गेले, तथापि धरण उभे राहिले. पुढे ते बळकट करण्यात आले. हिशेब कोठे चुकला आणि चुकूनही बांधकाम का टिकले, या दोन प्रश्नांवर जगभरच्या स्थापत्यविशारदांनी पुढे अभ्यास केला, आणि कोयना हे नाव त्यांच्या ग्रंथांत कायमचे गेले. मराठीत कोयनेचे दुःख आले, रोष आला, पुनर्वसनाची कहाणी आली. तड्यांचा अभ्यास मात्र अभियंत्यांच्या इंग्रजी अहवालांतच प्रामुख्याने राहिला. ज्यांच्या अंगणात जमीन हलली, त्यांच्या भाषेत तो हिशेब आला असता तर आजही त्या खोऱ्यात धक्का बसल्यावर उठणाऱ्या अफवांना काही उत्तर मिळाले असते.

पर्यावरणाच्या क्षेत्रात भाषेचा प्रश्न थेट अधिकाराचा प्रश्न होतो. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर केला. तो लोकांसाठी खुला झाला मे २०१२ मध्ये, आणि तोही इंग्रजीत. निर्णय वरून न लादता ग्रामसभांनी विचारपूर्वक घ्यावेत, असा त्या अहवालाचा गाभा होता. ज्या ग्रामसभेने विचार करावयाचा, तिच्या भाषेत पुरावा नसेल तर ती विचार कशाचा करणार? तिच्यापर्यंत पोहोचतो तो कोणीतरी सांगितलेला सारांश, आणि सारांशावर होते ते मतदान, विचार नव्हे. या उलट डॉ. राणी बंग यांचे ‘गोईण’ पाहावे. गडचिरोलीतील स्त्रियांचे झाडांविषयीचे ज्ञान त्यात त्यांच्याच बोलीच्या आधाराने नोंदले आहे, आणि गोईण म्हणजे मैत्रीण हे नावही त्याच बोलीतून घेतले आहे. जिच्याजवळ ज्ञान आहे तिच्याच शब्दांत ते टिपणे, ही संशोधनाची एक उत्तम शिस्त आहे.

आमच्या दाराशी क्षिप्रा आहे. तिच्याविषयी लिहिताना आमच्या मराठी मंडळींपाशी तीन विशेषणे तयार असतात: पवित्र, निर्मळ आणि प्रदूषित. पहिली दोन सणाला, तिसरे रोषाच्या वेळी. नर्मदेचे पाणी क्षिप्रेत आणणारी योजना २०१४ साली सुरू झाली, २०१६ चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला, आणि आता २०२८ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे. इंदूरकडून येणारी कान्ह नदी नगराच्या वरच्या अंगास त्रिवेणीजवळ क्षिप्रेस मिळते, हेही सर्वांस ठाऊक आहे. परंतु स्नानास योग्य पाणी म्हणजे काय, हे आमच्या किती विद्यार्थ्यांना मराठीत सांगता येईल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, आणि पाण्यातील घाण कुजवताना जंतूंना पाच दिवसांत लागणारा प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावा. यात न समजण्याजोगे काय आहे?

याहूनही पुढचा धडा असा की, नुसता आकडाही पुरेसा नाही. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री तो वापरते. त्यामुळे त्याच घाटावर त्याच दिवशी पहाटे आणि दुपारी घेतलेल्या नमुन्यांत मोठे अंतर पडू शकते. कोणत्या घाटावर, किती वाजता, पाण्याच्या वरच्या थरातून की खालच्या, हे सांगितल्यावाचून दिलेला आकडा विशेषणाहून फारसा निराळा नाही. तो स्तुतीसाठीही वापरता येतो आणि निंदेसाठीही. क्षिप्रेवर प्रेम करणाऱ्या माणसाने तिच्या पाण्याचा नमुना पहाटे घ्यावा, कारण तेव्हाच ती आपली खरी प्रकृती सांगते. भक्ती आणि मोजमाप यांत विरोध आहे, असे आम्ही मुळीच मानीत नाही.

येथे दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला असा की, संशोधनाची भाषा आज इंग्रजीच आहे, आणि ती तशीच राहणार. मग मराठीचा हट्ट कशासाठी? आमचा हट्ट संशोधननिबंध मराठीत लिहावा असा नाही. बंग किंवा बावस्कर यांनी इंग्रजीत लिहिले म्हणूनच जगाने ते तपासले, आणि तपासले म्हणूनच ते मान्य झाले. आमचे म्हणणे त्या तपासणीची पद्धती मराठीत यावी एवढेच आहे. न्यायनिवाडा कोणत्याही भाषेत होवो, साक्षीपुरावा काय होता हे गावाला गावाच्या भाषेत कळले पाहिजे.

दुसरा आक्षेप आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांचा विशेष आहे. माळव्यातील आमची मुले शास्त्र शिकतात ते हिंदीतून किंवा इंग्रजीतून. मध्य प्रदेशात तर ऑक्टोबर २०२२ मध्ये वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तकेही प्रकाशित झाली. मग घरातल्या मराठीवर हा नवा भार का टाकावा? आमचे उत्तर असे की, याच कारणासाठी टाकावा. ज्या भाषेत पुराव्याविषयी बोलताच येत नाही, ती भाषा हळूहळू सणावारापुरती आणि आठवणींपुरती उरते. घरात आजारपण आले, नळाला गढूळ पाणी आले, पुलाला तडा गेला की अशा घरातला मुलगा आपोआप दुसऱ्या भाषेत बोलू लागतो. आणि जी भाषा संकटाच्या वेळी उपयोगी पडत नाही तिच्यावर पुढच्या पिढीने केवळ प्रेमाखातर जगावे, ही अपेक्षा फार मोठी आहे. उज्जयिनीच्या मराठी घरांतून हे आज घडत आहे, आणि साहित्य अकादमीच्या सभासदांनी ते नजरेआड करू नये.

म्हणून दोन सूचना नम्रपणे पुढे ठेवतो. अकादमीने शास्त्रविषयक ग्रंथाचा गौरव करताना विषयाची भव्यता किंवा शैलीचा गोडवा यांपूर्वी ती तीन वाक्ये ग्रंथात आहेत की नाहीत, हे पाहावे: ताडून कशाशी पाहिले, मोजले कसे, शंका कोठे उरली. शिक्षकांनी ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा जीर्ण निबंध आता विश्रांतीस पाठवावा, आणि त्याऐवजी विद्यार्थ्याला काही मोजून आणावयास सांगावे. २१ जूनची छाया असो, घरातील धाकट्या भावाचे एका मिनिटातील श्वास असोत, की रामघाटावरील पाण्याची पहाटेची व दुपारची पारदर्शकता असो. त्याने जे मोजले ते, जसे मोजले तसे, आणि जेथे खात्री नाही ते खात्री नाही असे, शुद्ध मराठीत दोन पृष्ठांत लिहावे. त्या दोन पृष्ठांत अलंकार कमी सापडतील. परंतु दीक्षितांनी एक शिक्षक या नात्याने ज्या गद्याचा पाया घातला, त्यावर पुढची वीट चढेल ती अशाच पृष्ठांतून.